ऑस्ट्रेलियात ससे पाळणाऱ्यांनो: कॅलिसीला लस आहे, मिक्सोला फक्त मच्छरदाणी

वांगीभात

नमस्कार मंडळी, मेलबर्नच्या वेस्टला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांमध्ये लॉकडाऊनपासून ससे आले आहेत, मुलांचा हट्ट, कुत्र्याइतकी जबाबदारी नको, मांजराने पक्षी मारायला नकोत, म्हणून मग ससा. आमच्याकडेही दोन आहेत, लाडू आणि करंजी. आता वसंत सुरू झालाय, पाऊस बरा झालाय, वेरिबी नदीच्या काठाने संध्याकाळी फिरायला गेलं की पावलोपावली रानटी ससे दिसतात आणि डासही. त्यामुळे हा धागा काढतेय, कारण गेल्या आठवड्यात दोन ओळखीच्या घरी बोलताना कळलं की सशांना लस असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तिसऱ्या घरी लस दिली म्हणजे सगळ्या आजारांची झाली असा समज होता.

तर थोडक्यात. इथे सशांना मारणारे व्हायरस मुख्य दोन. एक कॅलिसी, ज्यात यकृतावर घाला पडतो आणि आतल्या आत रक्तस्राव होतो, बहुतेक वेळा सकाळी जाऊन बघावं तर ससा मरून पडलेला, आदल्या रात्री नीट खाल्लेलं असतं. दुसरा मिक्सोमॅटोसिस, म्हणजे मिक्सो, हा डास आणि पिसवांमधून येतो, डोळे सुजतात आणि ससा हळूहळू हाल होऊन जातो.

कॅलिसीवर लस आहे. पूर्वी मिळायची ती जुनी लस पहिल्या प्रकारावरची होती, म्हणून दुसरा प्रकार आल्यावर डॉक्टर ती सहा-सहा महिन्यांनी द्यायचे, जेवढं संरक्षण मिळेल तेवढं. आता फिलावॅक नावाची फ्रेंच लस इथे मिळते, ती दोन्ही प्रकारांवर आहे, दहा आठवड्यांच्या पुढच्या पिल्लाला एक डोस आणि मग दरवर्षी एक. पिल्लू त्याहून लहान असेल आणि आजूबाजूला साथ असेल तर आधी देऊन पुन्हा द्यायची की काय ते डॉक्टर ठरवतील.

मिक्सोवर इथे लस नाही. म्हणजे जगात आहे, इंग्लंडमध्ये सर्रास देतात, पण ऑस्ट्रेलियात द्यायला परवानगी नाही. त्यामुळे उपाय एकच, डास आणि पिसू सशापर्यंत पोचू द्यायची नाही. ज्यांच्याकडे ससे आहेत त्यांनी आपले अनुभव लिहा, काय करता, कुठली जाळी, वगैरे.

सांजवात

वांगीभात ताई छान धागा. आमचा ससोबा पूर्णवेळ घरात असतो, हॉलमध्ये, बाहेर कधीच सोडत नाही. दाराला खिडक्यांना सगळीकडे जाळ्या आहेत. आम्हाला एका क्लिनिकमध्ये सांगितलं होतं की इनडोअर असेल तर लस नाही दिली तरी चालेल. मग द्यायची का नाही? उगाच सुई टोचायची जिवावर येतं, तो आधीच घाबरट आहे.

तिरफळ

सांजवात, द्या. मी व्हेट नर्स आहे (ब्रिस्बेनची नाही, सिडनीची, का ते पुढे कळेल). घरात असला तरी कॅलिसी घरात येतो. माश्या आणतात. मेलेल्या सशावर बसलेली माशी तुमच्या सशाच्या वाटीवर बसली की झालं. तुमच्या बुटांच्या तळव्याला लागून येतो, बाहेरून तोडून आणलेल्या गवतातून येतो, सुक्या गवताच्या गठ्ठ्यातून येऊ शकतो. कुत्रा असेल आणि त्याने पार्कात मेलेला ससा हुंगला किंवा खाल्ला तर कुत्र्याला काही होत नाही पण तो घेऊन येतो.

हा व्हायरस अतिशय चिवट आहे. त्याच्याभोवती ते चरबीचं आवरण नसतं, कोविडला होतं ना जे साबणाने फुटायचं, ते याला नाही. त्यामुळे नुसता साबण, सॅनिटायझर, फरशी पुसायचं सुगंधी लिक्विड, याने काही भागत नाही. सुकलेल्या कपड्यावर साध्या तापमानाला तीन महिन्यांच्या वर टिकतो, मेलेल्या सशाच्या शरीरातही महिनोनमहिने टिकतो, थंडीत गोठला तरी मरत नाही. पिंजरा धुवायचा असेल तर आधी घाण पूर्ण काढायची, मग घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, आणि किमान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग भरपूर पाण्याने धुवून वाळवायचं. लाकडी पिंजऱ्यात भेगांमध्ये राहतो, लाकडी असेल आणि त्यात ससा कॅलिसीने गेला असेल तर सरळ टाकून द्या तो पिंजरा. आणि नवीन ससा लगेच आणू नका, चार महिने तरी जाऊ द्या, आणि आणाल तो लस घेतलेला आणा.

सुईचं म्हणाल तर कातडीखाली दिलेलं छोटं इंजेक्शन असतं, अर्धा मिली. मानेमागे एखादी गाठ येते ती विरते, एखाद दिवस सुस्त राहतो. बास.

सांजवात

बाप रे. सोमवारीच फोन करते. चप्पल बाहेर काढायची सवय तरी आहे आपल्याकडे हे एक बरं.

भोपळेचौक

वाचतोय. बादवे हा सगळा घोळ ज्या देशाने स्वतःच घातला त्याची गंमत लिहू का कोणी? मीच लिहितो. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या साहेबाला शिकारीची हुक्की आली म्हणून इंग्लंडहून २४ ससे मागवले, आपल्या जिलाँगच्या पलीकडे विंचेल्सीजवळ बारवॉन पार्कला. नाताळच्या दिवशी पोचले. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून सांगितलं की देशभर पसरलेली रानटी सशांची प्रजा खरोखर त्या एका खेपेचीच आहे. त्याच्या आधीही ससे आणलेले होते लोकांनी, पण ते पाळीव जातीचे, ते काही पसरले नाहीत, हे रानटी रक्ताचे होते ते पसरले. मग वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शेकडो मैल कुंपण घातलं, १९०७ ला पूर्ण झालं, तोवर ससे कुंपणाच्या पलीकडे हजर 😀

मग आला मिक्सो. १९५० मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात मुद्दाम सोडला. त्या उन्हाळ्यात पाऊस भरपूर झाला, डास माजले आणि ससे लाखोंनी मेले. त्याच उन्हाळ्यात, १९५१ च्या सुरुवातीला, मिल्ड्युराकडे माणसांना मेंदूज्वर व्हायला लागला, लोक म्हणाले सरकारने सशांसाठी सोडलेला रोग आम्हाला झाला. तर मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयान क्लुनीस रॉस या तिघांनी स्वतःलाच मिक्सोचं इंजेक्शन टोचून घेतलं, हे बघा आम्हाला काही होत नाही म्हणून. आणि खरंच काही झालं नाही, मेंदूज्वराचा व्हायरस वेगळाच निघाला, तोही डासांनीच आणलेला. आजचा कुठला अधिकारी असं करेल सांगा.

वांगीभात

भोपळेचौक 😀 पण महत्त्वाची गोष्ट यात आहे, मिक्सो माणसाला होत नाही. कॅलिसीही नाही. मांजर कुत्र्यांनाही होत नाहीत. मुलं खूप विचारतात हे, त्यामुळे लिहितेय.

झणकार

मला हा प्रकार मुळातच क्रूर वाटतो. एकीकडे पेट शॉपमध्ये ससे विकायचे, मुलांना ईस्टरला ससे दाखवायचे, आणि दुसरीकडे सरकारने स्वतः रोग सोडायचा ज्यात ते हाल होऊन मरतील, आणि वर त्यावरची लस द्यायला मनाई. आपल्या घरच्या प्राण्याला वाचवायचा हक्कसुद्धा नाही का? इंग्लंडमध्ये देतात म्हणता ना.

तिरफळ

झणकार, राग समजतो, रोज बघते मी. मनाईमागचं कारण असं आहे की मिक्सोच्या ज्या लसी आहेत त्या जिवंत व्हायरसच्या आहेत. अशक्त केलेला असला तरी जिवंत. भीती ही की तो लसीतला व्हायरस पाळीव सशातून डास-पिसवांमार्फत रानटी सशांत गेला तर रानटी सशांनाच फुकटात लस टोचल्यासारखं होईल आणि मिक्सोचा उपयोग संपेल. व्हेट लोकांच्या संघटना, प्राणीप्रेमी संस्था, सगळ्यांनी मागणी केलेली आहे, अजून परवानगी नाही.

कॅलिसीची लस मारलेल्या व्हायरसची आहे, ती पसरू शकत नाही, म्हणून तिला हरकत नाही. एवढाच फरक.

वावरातला

मी दुसरी बाजू लिहितो, शिव्या खायची तयारी आहे. माझी शेती नगर जिल्ह्यात होती, आता व्हिक्टोरियात वेस्टर्न डिस्ट्रिक्टला मेंढ्यांच्या फार्मवर काम करतो. सशांनी काय होतं ते कुंपणाच्या आतून नाही दिसत. एक हेक्टरला एखाददुसरा ससा असला तरी काही झाडांची रोपं उगवूनच देत नाहीत, सालं कुरतडून टाकतात. बिल्बी नावाचं इथलं कानवालं जनावर, त्याच्या बिळांवर यांनी कब्जा केला. त्यामुळेच तर दुकानात ईस्टरला चॉकलेटचा बिल्बी विकायला ठेवतात हल्ली, ससा नाही, त्याचे पैसे बिल्बी वाचवायला जातात. मिक्सो आला तेव्हा म्हाताऱ्या शेतकऱ्यांना देव भेटल्यासारखं झालं होतं म्हणे, उजाड कुरणं हिरवी झाली. मग ससे त्याला टक्कर द्यायला शिकले, आणि व्हायरसही जरा सौम्य झाला, म्हणून तर सरकारने पुढे कॅलिसी आणला.

आणि तो आणला नाहीच, तो पळाला. साऊथ ऑस्ट्रेलियाच्या वॉर्डँग बेटावर चाचणी चालू होती, १९९५ च्या ऑक्टोबरात तिथून मुख्य भूमीवर गेला, माश्यांनी नेला असं मानतात. समुद्र ओलांडून! नंतर १९९६ ला मग अधिकृत सोडला. २०१७ च्या मार्चमध्ये कोरियातून मिळालेला नवा वाण सोडला, के फाईव्ह. तेव्हा आमच्या कौन्सिलने आधी जाहीर केलं होतं, पाळीव ससे असणाऱ्यांनी लस घ्या म्हणून. म्हणजे सरकार लपूनछपून करतं असं नाही.

पण माझ्या मुलीकडेही दोन ससे आहेत, आणि त्यांना मी लस देतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला पटू शकतात.

झणकार

वावरातला, शिव्या नाही देत. पण हे मात्र खरं की २०१५ ला जो दुसरा प्रकार आला तो कोणीच सोडलेला नव्हता ना?

तिरफळ

हो, २०१५ च्या मे महिन्यात कॅनबेरात सापडला पहिल्यांदा. तो मूळचा युरोपातला, २०१० मध्ये फ्रान्सात आढळलेला. इथे कसा आला कोणालाच माहीत नाही, सरकारने आणलेला नव्हता. दीड-दोन वर्षांत सगळ्या राज्यांत पोचला आणि जुन्या प्रकाराला बाजूला सारून बसला. आणि हाच जास्त वाईट, कारण जुन्या प्रकाराने अगदी लहान पिल्लं मरत नसत, हा तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांनाही मारतो, आणि रानससे म्हणजे हेअर, त्यांनाही होतो. जुन्या लसीचा फारसा उपयोग नव्हता तो हा प्रकार वेगळा म्हणूनच.

म्हणून ज्यांनी काही वर्षांपूर्वी लस दिली होती आणि कार्डावर फिलावॅक नाव नसेल, त्यांनी ती झाली म्हणून समाधान मानू नका.

चहाची_टपरी

यूकेमधून लिहितोय, लेस्टर. आमच्याकडे एकाच सुईत तिन्ही, मिक्सो, आरएचडी (म्हणजे तुमचा कॅलिसी) एक आणि दोन. नोबिव्हॅकची प्लस म्हणून आली २०२० ला. पाच आठवड्यांपासून देतात, दरवर्षी. तीन आठवडे लागतात परिणाम सुरू व्हायला तोवर काळजी घ्यायची. लस असूनही मिक्सो होऊ शकतो बरं का पण सौम्य होतो, बरा होतो बहुतेक वेळा. जास्त साथ असलेल्या भागात काही डॉक्टर वर फिलावॅकही देतात, दोन्हींमध्ये अंतर ठेवून.

इथली कथा पण मजेदार आहे. १९५२ ला फ्रान्समध्ये आर्मां-दलील नावाच्या म्हाताऱ्या डॉक्टरने आपल्या मायबोआच्या इस्टेटीतले ससे कमी करायला दोन सशांना मिक्सो टोचून सोडले. इस्टेटीला भिंत होती, त्याला वाटलं बाहेर नाही जाणार. वर्षभरात अर्ध्या युरोपात. १९५३ ला केंटमध्ये आला, मग लोक आजारी ससे पोत्यात घालून आपापल्या शेतात नेऊन सोडायला लागले, १९५४ ला कायदा करावा लागला की मुद्दाम पसरवणं गुन्हा.

म्हणजे एका देशात पसरवणं गुन्हा आणि दुसऱ्या देशात त्यावर लस देणं 😐

वाळवंटी_मोर

ॲरिझोनावरून. आमच्याकडे मार्च-एप्रिल २०२० ची गोष्ट, माणसं कोविडने घरात बसलेली आणि बाहेर जॅकरॅबिट आणि कॉटनटेल पटापट मरत होते, न्यू मेक्सिकोपासून सुरू झालं. त्याआधी समज असा होता की हा आजार युरोपियन सशांनाच होतो, इथल्या रानटी जातींना नाही, हा दुसरा प्रकार त्यांनाही झाला. रस्त्याच्या कडेला मेलेले ससे दिसायचे, गेम अँड फिशवाल्यांना, म्हणजे वन्यजीव खात्याला, फोन करायचा.

लस तेव्हा अमेरिकेत कोणी बनवतच नव्हतं. डॉक्टरने सरकारी परवानगी काढून युरोपातून मागवायची, तीही घाऊक, मग याद्या, वेटिंग. २०२१ च्या शेवटी मेडजीन कंपनीची आली, साऊथ डकोटाची, ती आता बऱ्याच ठिकाणी मिळते, दोन डोस तीन आठवड्यांच्या अंतराने आणि मग वार्षिक. कॅलिफोर्नियात एक दुर्मीळ रानटी ससा आहे, रिपेरियन ब्रश रॅबिट, त्यांना पकडून पकडून लस दिली होती, नामशेष होऊ नयेत म्हणून.

मिक्सोची लस अमेरिकेतही मिळत नाही. तो इथे कॅलिफोर्निया-ओरेगनच्या पट्ट्यात जास्त. ॲरिझोनात डास कमी म्हणून सुटलोय.

कुरडई

माझा अनुभव लिहिते, गेले कित्येक महिने लिहायचं टाळत होते. आमचा भुरा मिक्सोने गेला. जानेवारीत. सगळ्यांना ओळखता यावं म्हणून सांगते कसं दिसतं ते. पहिल्या दिवशी एक डोळा पाणावलेला, पापणीची कड जराशी लाल आणि जाडसर. मला वाटलं गवताची काडी लागली असेल, कोमट पाण्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पापण्या सुजून डोळ्याची फट राहिली, पांढरट चिकट द्राव. कानाच्या मुळाशी हात लावला तर गरम आणि फुगीर. मग शेपटीखाली सूज, ती बघितल्यावर डॉक्टर गप्पच झाली. कोथिंबीर हुंगायचा पण खायचा नाही. त्यांनी समजावून सांगितलं की पाळीव सशाला झाला की जवळजवळ कोणीच वाचत नाही, वाचवायचा प्रयत्न म्हणजे दोन आठवडे त्याचे हाल. झोपवलं त्याला. लेकीने त्याची आवडती फडकी बरोबर दिली.

पिंजरा पॅटिओवर होता, छपराखाली, पण जाळी कोंबड्यांची, मोठ्या भोकांची. डास तर डास, चिलटं पण आरामात जातील अशी.

वांगीभात

कुरडई, खूप वाईट वाटलं गं. 😔 लिहिलंस हे फार बरं केलंस, पहिल्या दिवसाचं असं कुठे लिहिलेलं मिळत नाही.

सांजवात

कुरडई 🫂

पेठेतला_विठ्ठल

पुण्याहून. आमच्या सोसायटीत चार-पाच जणांकडे ससे आहेत, मी माझ्या डॉक्टरना या लसींबद्दल विचारलं तर ते म्हणाले आपल्याकडे रोज समोर येतं ते कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवींचा आजार), खरूज, सर्दी-शिंका आणि उन्हाळ्यात उष्माघात, त्याकडे आधी लक्ष द्या. तर आम्ही काय करावं? आणि डासांसाठी संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करतो आम्ही, ती सशांच्या खोलीत केली तर चालेल का? शिवाय आमच्या कुत्र्याचं पिसवांचं औषध आहे, मानेवर थेंब सोडायचं, तेच थोडं कमी प्रमाणात?

तिरफळ

पेठेतला विठ्ठल, थांबा थांबा!! कुत्र्याचं औषध अजिबात नाही. त्यात फिप्रोनिल असेल तर सशाला झटके येऊन मरू शकतो, कमी प्रमाणातही नको. सशाला चालतात ती वेगळी, सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिडची, आणि तीही वजन करून डॉक्टर देतील तेवढीच. हे सगळ्यांसाठी लिहितेय, दर उन्हाळ्यात असा एखादा ससा येतोच.

धुरीही नको. सशाची फुप्फुसं छोटी आणि नाजूक, बंद खोलीत धूर म्हणजे त्याला शिक्षा. कॉइलही नको त्याच कारणाने. पंखा लावा, डास वाऱ्यात उडू शकत नाहीत, आणि जाळी लावा. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरचं पाणी आठवड्याला उपसा. हे तर आपण डेंग्यूसाठी करतोच.

भारतात तुमचे डॉक्टर म्हणतात ते बरोबर, त्यांचं ऐका. नवीन ससा बाजारातून आणला की जुन्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा, वेगळी भांडी, आधी जुन्यांना खायला घाला मग नव्याला. आणि कोणी रानातला ससा पकडून आणून दिला तर घेऊ नका, एक तर तो वेगळाच प्राणी, दुसरं ते बेकायदेशीर आहे.

भोपळेचौक

कूलरच्या पाण्याचं आमच्या सासऱ्यांना गेली वीस वर्षं सांगतोय. ससा पाळा म्हणतो आता, त्याच्यासाठी तरी उपसतील.

सांजवात

मूळ मुद्द्यावर. जाळी कुठली लावायची? हार्डवेअरच्या दुकानात गेले तर पाच प्रकार.

वांगीभात

आम्ही काय केलंय ते सांगते, फोटो टाकता येत नाहीयेत. दारं-खिडक्यांना लावतात ती साधी फायबरग्लासची फ्लायस्क्रीन डासांना पुरते, पण ससा ती पाच मिनिटांत कुरतडतो, करंजीने तर उभा चौकोन काढला. म्हणून आत वेल्डमेश (जाड तारेची जाळी), बाहेर डासांची जाळी, आणि दोन्हींमध्ये तीन-चार बोटं अंतर. अंतर महत्त्वाचं, कारण ससा जाळीला टेकून झोपला तर डास बाहेरूनच चावतो, मच्छरदाणीला पाय लागला की आपल्याला चावतो तस्साच. आम्ही लाकडी पट्ट्यांची चौकट करून ती बाहेर ठोकली आणि दाराला वेल्क्रो.

आणि खरं जुगाड म्हणजे आई येताना दादरहून घडीची डबलबेडची मच्छरदाणी घेऊन आली, ती उघडली की तंबूसारखी उभी राहते, ती पूर्ण पिंजऱ्यावर टाकते मी संध्याकाळी, खालच्या कडेवर टॉवेलच्या गुंडाळ्या. संध्याकाळी आणि पहाटे डास जास्त, तेव्हा ससे आत, दुपारी गवतावर सोडते. आई म्हणाली तुझ्या लहानपणी तुला नाही एवढी बडदास्त.

पिसवांचं पण विसरू नका, मांजर असेल घरात तर मांजराचं औषध वेळेवर, कारण पिसू मांजरावरून सशावर उडी मारते. आणि हे वाचून हसू येईल पण युरोपातली सशांची पिसूसुद्धा इथे सरकारनेच साठच्या दशकात आणून सोडली, मिक्सो पसरवायला मदत व्हावी म्हणून!

वावरातला

खरंय. डास कमी असलेल्या कोरड्या भागात मिक्सो पसरत नव्हता म्हणून. नंतर नव्वदच्या दशकात स्पेनहून आणखी एक आणली, वाळवंटात टिकणारी.

झणकार

मी काही बोलत नाही आता.

लोणचंखार

विषयांतर होईल पण विचारते. नवऱ्याला ब्रिस्बेनला नोकरी मिळतेय. आमच्याकडे एक ससा आहे, सिडनीत. लस वगैरे सगळं झालेलं. तिकडे नेताना काही सर्टिफिकेट लागतं का?

तिरफळ

हेच ते 😬 लोणचंखार, क्वीन्सलंडमध्ये पाळीव ससा ठेवणं बेकायदेशीर आहे. पूर्ण बंदी. मोठा दंड. जादूगारांना, संशोधनाला, प्रदर्शनाला वगैरे परवाना मिळतो, घरी पाळायला नाही. लस झालेली असो नसो.

लोणचंखार

काय??? जादूगारांना???

भोपळेचौक

मिस्टरांना म्हणावं नोकरी आयटीतली नको, टोपीतून ससा काढायची बघा.

लोणचंखार

😂 नाही हो पण खरंच मोठा प्रश्न आहे. मुलगी त्याच्याशिवाय यायची नाही. सिडनीत कोणी मराठी घर आहे का घेणारं, वर्षभर तरी? पांढरा आहे, काळे कान, चार वर्षांचा, नसबंदी झालेली, शांत. लसीचं कार्ड देईन, फिलावॅक आहे, पुढची मार्चमध्ये.

तिरफळ

मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या क्लिनिकमध्ये एका आजींचा एक ससा गेला, दुसरा एकटा पडलाय, त्या जोडीदार शोधतायत. मराठी नाहीत, ग्रीक आहेत, पण घराला जाळी इतकी पक्की आहे की मलाच आत जायला दहा मिनिटं लागतात. आधी दोघांना वेगळं ठेवून ओळख करून द्यावी लागेल, लगेच एकत्र नाही.

सांजवात

अपडेट: ससोबाला लस दिली आज. क्लिनिकने गुरुवारचीच वेळ दिली कारण त्यांच्याकडे बऱ्याच डोसांची एकच मोठी बाटली येते, उघडली की लगेच संपवावी लागते म्हणून सगळ्या सशांना एकाच दिवशी बोलावतात. वेटिंग रूममध्ये सहा ससे, सहाही पेटाऱ्यांवर टॉवेल टाकलेले, आणि एक मांजर जे पूर्ण वेळ सगळ्यांकडे बघत होतं. आमचा घरी येऊन रुसून सोफ्याखाली बसलाय, केळ्याचा तुकडा दाखवला तरी पाठ फिरवली.

वांगीभात

उद्यापर्यंत केळं मागायला येईल बघ. वेस्टच्या बाजूला कोणाला लस घ्यायची असेल तर मला सांगा, आमच्याही क्लिनिकला अशीच मोठी बाटली येते, सात-आठ जण जमलो तर पुढच्या महिन्यात एक शनिवार ठरवून देतील म्हणाले.

कुरडई

मी नवीन ससा घेतला नाहीये अजून, पण शनिवार कळवशील तेव्हा पेटारे उचलायला आणि गाडीला येते. गाडीत चार पेटारे मावतात.